वाढत जाणारी फाइल पायथन लाइव्ह कशी वाचतो? समजून घ्या अलिबागच्या उदाहरणातून

रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागला 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होते. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. पण शहरात विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या विजेने मोजमाप बिघडलं असतं. म्हणून वेधशाळा अलिबागला हलवली गेली.

सप्टेंबर 1859 च्या सौर वादळात कुलाब्याचा आकडा सुमारे 1600 नॅनोटेस्लाने घसरला होता. आज असं वादळ आलं तर वीजपुरवठा, उपग्रह आणि जीपीएसला फटका बसू शकतो. त्यामुळे नोंद होताच ती वाचली जाणं महत्त्वाचं.

पायथन काय करतो?

मिनिटाला एक ओळ धरली, तर दिवसाला 1440 ओळी होतात. दरवेळी पूर्ण फाइल वाचण्याची गरज नसते. 'सीक' वापरून प्रोग्रॅम थेट फाइलच्या शेवटी जातो आणि 'रीडलाइन'ने नवी ओळ मागतो. ओळ नसेल, तर 'स्लीप'ने सेकंदभर थांबून पुन्हा विचारतो. ओळ आली की 'स्प्लिट'ने तारीख, वेळ आणि आकडा वेगळे करतो. लिनक्सवरची 'टेल -एफ' ही कमांडही हेच काम करते.

गडबड कुठे होते?

अर्धी ओळ: ओळ लिहिली जात असतानाच वाचली, तर 38412 ऐवजी नुसतं 384 हाती येतं. प्रोग्रॅमला वाटतं, चुंबकीय क्षेत्र कोसळलं! म्हणून ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत तुकडा बाजूला ठेवायचा आणि पुढचा भाग आला की जोडायचा.

रिकामी जागा: मोजमाप मिळालं नाही, तर वेधशाळांच्या आंतरराष्ट्रीय फॉरमॅटमध्ये 99999 लिहितात. तो आकडा गाळायचा, नाहीतर खोटा इशारा जातो.

नवी फाइल: मध्यरात्री नव्या तारखेची फाइल सुरू होते आणि प्रोग्रॅम जुन्याच फाइलकडे बघत बसतो. एरर येत नाही, इशाराही येत नाही. ही शांतता खोट्या इशाऱ्यापेक्षा धोक्याची. म्हणून तारीख बदलली की नवी फाइल उघडायची आणि पाच मिनिटं एकही ओळ आली नाही, तर त्याचाच इशारा द्यायचा.

दुकानाचं बिलिंग असो की वेबसाइटचा सर्व्हर, वाढत्या फाइलवर नजर ठेवताना हेच तीन नियम लागू पडतात.