डेंग्यू संक्रामणातील कोशिकीय प्रतिरक्षा : उंदरांवरील प्रयोग

डेंग्यूच्या विषाणूचा (व्हायरसचा) शरीरात प्रवेश झाल्यावर टी-लसीका कोशिका व त्यांना साहाय्य करणाऱ्या महाभक्षी कोशिका यांच्याकडून होणाऱ्या प्रतिकारास ‘कोशिकीय प्रतिरक्षा’ म्हणतात. रक्तद्रवातील प्रतिपिंडे कोशिकेबाहेरील विषाणूस चिकटून त्यास निष्प्रभ करतात. परंतु कोशिकेत शिरलेला विषाणू नष्ट करावयाचा, तर ती कोशिकाच मारावी लागते. हे कार्य मारक टी-कोशिका करतात.

डेंग्यू विषाणूचे चार प्रकार असून ईडिस वंशाच्या डासांमार्फत त्यांचा प्रसार होतो. रत्नागिरीसारख्या कोकणातील जिल्ह्यांत पावसाळ्यात व त्यानंतर या रोगाचे रुग्ण आढळतात. एका प्रकाराच्या संक्रामणाने त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. पुढे दुसऱ्या प्रकाराचे संक्रामण झाल्यास मात्र रोग तीव्र होण्याचा धोका उलट वाढतो. अशा वेळी केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरू लागतो व रक्तदाब घसरून रुग्ण दगावू शकतो. ही हानी विषाणू करतो की शरीराचा प्रतिकारच, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

१९४३ मध्ये रेन किमुरा व सुसुमु होत्ता यांनी नागासाकी येथे उंदरांच्या पिलांच्या मेंदूत रुग्णांचे रक्त टोचून हा विषाणू वेगळा केला. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातही (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) विषाणू वेगळे करण्यासाठी उंदरांची पिले वापरली जात. प्रौढ उंदीर मात्र या विषाणूस सहसा दाद देत नाही. इंटरफेरॉन या संरक्षक प्रथिनाचा संदेश पोहोचविणारे एक प्रथिन मानवी कोशिकेत विषाणू नष्ट करतो. उंदराच्या कोशिकेत त्याला ते साधत नाही.

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात यू. सी. चतुर्वेदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकांत केलेले कार्य या क्षेत्रात विशेष उल्लेखनीय आहे. मेंदूत विषाणू टोचलेल्या उंदरांच्या प्लीहेतील टी-कोशिका एक कोशिकाघातक द्रव्य तयार करतात, असे त्यांना आढळले. हे द्रव्य निरोगी उंदरांना टोचले असता, विषाणू नसतानाही, केशवाहिन्यांची पार्यता वाढली. मानवी रोगातील रक्तद्रवाच्या पाझराशी याचे साम्य स्पष्ट आहे. प्रतिकार दडपणाऱ्या ‘दमनकारी’ टी-कोशिकांची साखळीही त्यांनी वर्णिली. दमनकारी कोशिकांची ती कल्पना पुढे सर्वत्रच मागे पडली व तिची जागा नियामक टी-कोशिकांनी घेतली. प्रयोगांतील निरीक्षणे मात्र त्यामुळे निरर्थक ठरत नाहीत.

१९९९ पासून इंटरफेरॉनचे ग्राहक नसलेले उंदीर डेंग्यूच्या प्रयोगांत वापरले जाऊ लागले. त्यांच्यात विषाणू मेंदूबाहेरही वाढतो. अशा एका वाणात मारक टी-कोशिका काढून टाकल्यास शरीरातील विषाणूचे प्रमाण वाढते, असे सुजन श्रेष्ठ यांच्या गटाने २००९ मध्ये दाखविले. म्हणजे याच कोशिका संरक्षकही आहेत. अर्थात प्रतिकाराचा एक मोठा भाग आधीच निकामी केलेल्या प्राण्यातील हा निष्कर्ष माणसास जसाच्या तसा लागू करता येत नाही.

लसनिर्मितीत या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आले आहे. २०१५ मध्ये प्रथम मान्यता मिळालेल्या ‘डेंगव्हॅक्सिया’ लशीत डेंग्यूची केवळ बाह्य प्रथिने असून उर्वरित सांगाडा पीतज्वराच्या विषाणूचा आहे. मानवी मारक टी-कोशिका मुख्यतः ज्या अंतर्गत प्रथिनांना ओळखतात, ती डेंग्यूची प्रथिने तीत नाहीत. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना ही लस दिल्यास पुढील संक्रामणात तीव्र रोगाचा धोका वाढतो, असे २०१७ मध्ये जाहीर झाले. त्यात प्रतिपिंडांचा वाटा मोठा मानला जात असला, तरी टी-कोशिकांच्या अपुऱ्या प्रतिसादाकडेही तेव्हापासून अधिक लक्ष दिले जाते. भारतात २०२४ मध्ये ज्या लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू झाली, तिच्यात दुर्बल केलेले डेंग्यूचेच विषाणू असल्याने ही अंतर्गत प्रथिनेही अंतर्भूत आहेत.