लग्नानंतर कॉलेज? मदतीचे दरवाजे उघडे आहेत!

मैत्रिणींनो, लग्न झालं म्हणून शिष्यवृत्तीचा हक्क जात नाही. फक्त कागदपत्रं थोडी बदलतात.

📌 उत्पन्नाचा दाखला: अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत नोकरी नसलेल्या विवाहितेसाठी पतीचं उत्पन्न धरतात. मर्यादा वर्षाला 2.5 लाख रुपये.

📌 जात आणि नॉन-क्रीमी लेयर: जात जन्मानं ठरते, म्हणून माहेरचाच दाखला चालतो. नॉन-क्रीमी लेयरही आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतं, पतीच्या नाही. इथेच अनेकींचा गोंधळ होतो.

📌 फी माफी: 2024-25 पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास, केंद्रीभूत प्रवेशातून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटीवर.

📌 शैक्षणिक कर्ज: सहकर्जदार म्हणून पती किंवा सासू-सासरेही चालतात.

नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जवळ ठेवा. आधार, बँक खातं आणि अर्ज यांवर नाव एकच असू द्या.

अर्धवट राहिलेली पदवी पुन्हा हाती घ्या. ही पोस्ट गरजू वहिनी-ताईंपर्यंत नक्की पोहोचवा!