कंपनीचा मेडिक्लेम नक्की कुणाला परवडतो?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोललोय तसाच ठेवलाय.

मी कोल्हापुरात बसून सॉफ्टवेअरचं काम करतो. यंदा रिन्युअलला आमच्या कंपनीनं आई-वडिलांचं कव्हर ऐच्छिक केलं, म्हणजे हप्ता आता आपल्या पगारातून. माझ्या वडिलांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे. म्हणून सगळे नियम वाचून काढले.

सुरुवात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांपासून करू. तिथल्या बऱ्याच कामगारांना ईएसआय लागू आहे. मुळात १९४८ च्या कायद्यातली योजना. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के कापले जातात. २१,००० वर हिशेब करा: कामगाराचे १५७ रुपये ५० पैसे, मालकाचे ६८२ रुपये ५० पैसे, एकूण ८४० रुपये. त्यात बायको-मुलं येतात, अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. एवढ्या पैशात बाजारात असं कव्हर मिळत नाही.

आता गंमत बघा. ही २१,००० ची मर्यादा जानेवारी २०१७ पासून तिथंच आहे. पगार पाचशेनं वाढून २१,३०० झाला, की माणूस योजनेबाहेर. एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्येच वाढ झाली तर सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी चालू राहते आणि तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. त्यानंतर मालकानं ग्रुप पॉलिसी काढली तर ठीक, नाहीतर स्वतःच्या खिशातून. पगारवाढ पाचशेची आणि घरातल्या चार माणसांचं कव्हर गेलं!

आता आमच्यासारख्यांची ग्रुप पॉलिसी. तिचा मोठा फायदा म्हणजे बहुतेक वेळा आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होतात आणि मेडिकल टेस्ट लागत नाही. स्वतंत्र पॉलिसीत अशा आजारांसाठी थांबावं लागतं. आयआरडीएआयनं २०२४ मध्ये ही मुदत ४८ महिन्यांवरून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली. तरी तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं.

मग जीएसटीचं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ग्रुप पॉलिसीवर मात्र तो राहिला. समजा आई-वडिलांचा हप्ता ३०,००० आहे. ग्रुपमध्ये वर ५,४०० कर, स्वतंत्र पॉलिसीत काही नाही. पण नुसता कर बघून ग्रुप सोडू नका. विमा कंपन्यांना आता या पॉलिसींवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे मूळ हप्ता वाढू शकतो. आणि ग्रुप सोडलात तर शुगर-बीपीसाठी थांबणं आलंच.

माझ्या मते खरा धोका वेगळाच आहे. आमच्या भाषेत त्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. नोकरी गेली की पगार आणि विमा एकाच दिवशी जातात. रिन्युअलला काय ठेवायचं, काय काढायचं हे कंपनी ठरवते, आपण नाही. म्हणून वडिलांना मी ग्रुपमध्येच ठेवलंय, आणि त्यांच्यासाठी एक छोटी स्वतंत्र पॉलिसीही सुरू केलीय. ३६ महिन्यांचं घड्याळ आत्ताच सुरू झालेलं बरं.

तुम्ही काय कराल? नोकरी सोडताय? शेवटच्या दिवसाआधी एचआरला विचारा, की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. ग्रुपमध्ये घालवलेला काळ थांबण्याच्या मुदतीत धरला जातो. मात्र ती कंपनी तब्येतीची चौकशी करू शकते.

घरात कुणी सत्तरीच्या पुढं आहे? आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतं. महात्मा फुले योजनेत तर आता सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. फक्त उपचार ठरलेल्या यादीतले आणि दवाखाना योजनेतला हवा.

आणि कारखान्यात कामाला असाल, तर पगारवाढीचं पत्र हातात आलं की आकडा २१,००० च्या अलीकडं आहे का पलीकडं, एवढं आधी बघा. पलीकडं असेल तर मालकाला ग्रुप पॉलिसीचं त्याच बैठकीत विचारा. नंतर विषय निघत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात.