पाण्याची परीक्षा घरच्या किटवर : भरवसा किती ठेवावा?

शोभेच्या माशांचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांच्या दुकानात एक तक्रार वरचेवर येते. गिऱ्हाईक मासे घेऊन जाते आणि चार दिवसांनी परत येते. "मासे आजारी दिलेत," असे त्याचे म्हणणे. "पाणी खराब असेल," हे दुकानदाराचे उत्तर. मग गिऱ्हाईक चिठ्ठी दाखवते : पाणी किटवर तपासले आहे, पीएच ७.६, अमोनिया जवळजवळ नाही, सर्व ठीक आहे. येथे दुकानदाराची जबान बंद होते. पैसे परत द्यावे लागतात किंवा गिऱ्हाईक कायमचे तुटते. किटने दाखवलेला आकडा खरा होता की नाही, हे मात्र दोघांपैकी कोणीच पाहत नाही.

मी कापडाचा व्यापारी. रंगाईच्या कामात पाण्याची परीक्षा करावीच लागते, कारण पाणी जड असेल तर साबण फाटतो आणि रंग एकसारखा चढत नाही. माशांच्या किटमधील रसायने त्याच घराण्यातील आहेत. म्हणून या विषयावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. थोडक्यात सांगायचे तर किट खोटे बोलत नाही, पण ते फक्त अंदाज सांगते आणि आपण तो अंदाज पक्का आकडा समजून चालतो. शिवाय बहुतेक चूक रसायनात नसते. ती हातात, डोळ्यात आणि जुन्या बाटलीत असते.

किट म्हणजे शेडकार्ड

द्रवाच्या किटमध्ये काचेच्या नळीत ठराविक पाणी, बहुधा ५ मिलिलिटर, घ्यायचे, त्यात थेंब टाकायचे आणि आलेला रंग कार्डाशी जुळवायचा. कापडाचे शेडकार्ड जसे, तसेच हे कार्ड. अमोनियाच्या कार्डावर साधारणपणे ०, ०.२५, ०.५, १, २, ४ अशा पायऱ्या असतात. रंग १ आणि २ च्या मध्ये आला तर खरा आकडा सव्वा आहे की पावणेदोन, हे कोणताही डोळा सांगू शकत नाही. नायट्रेटच्या कार्डावर ४० आणि ८० चे लाल रंग इतके जवळचे असतात की दोन माणसे दोन आकडे सांगतात.

आपल्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे की ट्यूबलाईटखाली जुळलेला रंग उन्हात जुळत नाही. किटचेही तसेच आहे. अमोनियाचा शून्याचा रंग पिवळा असतो. दुकानातील ट्यूबखाली तो किंचित हिरवट भासतो आणि माणूस ०.२५ लिहून मोकळा होतो. रंग नेहमी दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, पांढऱ्या कागदासमोर पाहावा. कार्डही वर्षानुवर्षे खिडकीपाशी टांगून ठेवू नये, त्याचा रंग उडतो. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच नीट दिसत नाही. अशांनी दुसऱ्याकडून रंग वाचून घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

नायट्राइटच्या नळीत जो गुलाबी रंग येतो तो खरे म्हणजे एक अ‍ॅझो रंग आहे. कापड रंगवण्याच्या अनेक रंगांची जात तीच. पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये या रंगांच्या मुळाशी असलेली क्रिया शोधली आणि १८७९ मध्ये तिच्यावरून नायट्राइटची परीक्षा सांगितली. आजही किटमध्ये हीच क्रिया चालते. तिच्यात दोष नाही, ती फार बारीक अंशही पकडते.

नायट्रेटला मात्र थेट रंग येत नाही. किटमधील जस्ताची बारीक भुकटी आधी नायट्रेटचे नायट्राइट करते आणि मग गुलाबी-लाल रंग उमटतो. ही भुकटी बाटलीच्या तळाशी बसते. बाटली जोराने अर्धा मिनिट हलवली नाही तर थेंबात नुसते पाणी येते आणि भरपूर नायट्रेट असलेली टाकीसुद्धा स्वच्छ दिसते. घरगुती परीक्षेत सर्वांत जास्त फसवणूक येथेच होते.

पीएचचे ७.६ कसे फसवते

वरच्या चिठ्ठीतील ७.६ हा आकडा नीट पाहा. सामान्य पीएच किटमधील रसायन ६.० ते ७.६ एवढेच दाखवते. ७.६ ला ते पुरते निळे होते. पाणी ८.० असो की ८.५, रंग तोच निळा. म्हणजे ७.६ याचा खरा अर्थ "७.६ किंवा त्याहून कितीही जास्त" असा आहे. त्याच्या पुढे मोजण्यासाठी ७.४ ते ८.८ असे मोजणारी वेगळी बाटली असते, ती घ्यावी लागते. सहाच्या खालच्या टोकालाही हीच गोष्ट लागू आहे.

हा फरक किरकोळ नाही. अमोनियाचे किट पाण्यातील सर्व अमोनिया एकत्र मोजते, पण माशाला मारतो तो त्यातील मोकळा भाग. हा भाग किती, हे पीएच आणि तापमान ठरवते. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर शेकड्यामागे साधारण अर्धा भागच मोकळा असतो. पीएच ८ ला तो सुमारे ५ होतो आणि ९ ला सुमारे ३६. म्हणजे किटवर अमोनिया तोच १ दिसत असताना एका टाकीत मासे खेळतील आणि दुसऱ्या टाकीत मरतील. पीएच वाचण्यात अर्ध्या अंकाची चूक झाली तर धोक्याच्या हिशेबात जवळजवळ तिपटीची चूक होते. त्यामुळे एकट्या अमोनियाच्या आकड्यावरून निकाल देऊ नये. पीएच आणि तापमान सोबत लिहिलेले हवे.

बाहेरून माल मागवणाऱ्यांनी यातून एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. कोलकाता किंवा चेन्नईहून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत मासे येतात तेव्हा बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली जातो. त्यामुळे साठलेला अमोनियाही बराचसा निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडी ठेवून त्यात हवेचा पंप लावला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहर होतो. म्हणून पिशवीतील पाण्याची परीक्षा करायची तर पिशवी उघडताक्षणी करावी. तासाभराने केलेल्या परीक्षेवरून माल पाठवणाऱ्याला दोष देणे इन्साफाचे नाही.

पट्ट्या, पेन आणि टीडीएस मीटर

कागदी पट्टी पाण्यात बुडवली की एकाच वेळी पाच-सहा गोष्टी दिसतात, म्हणून ती लोकांना आवडते. नळी आणि थेंबांपेक्षा ती ढोबळ असते. एका चौकोनाचा रंग शेजारच्यात उतरतो. आपल्याकडे पावसाळ्यात डबीचे झाकण दहा मिनिटे उघडे राहिले तरी दमट हवेने पट्ट्या बिघडू शकतात. अनेक पट्ट्यांत अमोनियाचा चौकोनच नसतो आणि नव्या टाकीत तर तोच हवा असतो. रोजची धावती नजर म्हणून पट्टी ठीक, वादाचा फैसला तिच्यावर करू नये.

पीएच पेन दोन दशांशांपर्यंत आकडा दाखवतो, पण दशांश दिसले म्हणजे अचूकता आली असे नाही. ठराविक पीएचच्या द्रावणात, म्हणजे बफरमध्ये, पेन वरचेवर जुळवून घेतला नाही तर तो हळूहळू सरकतो. त्याचे टोक कोरडे पडू देऊ नये आणि डिस्टिल्ड पाण्यातही ठेवू नये. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण मिळते.

टीडीएस मीटरबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. अमोनिया, नायट्राइट किंवा क्लोरीन यांची तो वेगळी ओळख देऊ शकत नाही. टीडीएस कमी म्हणून पाणी माशांना चांगले, असे सांगून विकणारा दुकानदार नकळत चुकीचा सल्ला देतो.

या सर्वांत भरवशाची परीक्षा जडपणाची. तिच्यात रंग जुळवायचा नसतो. एका रंगाचा दुसरा रंग होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, म्हणजेच लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम. अधिक बारीक आकडा हवा असेल तर पाणी दुप्पट घ्यावे, मग एक थेंब अर्ध्या अंशाचा होतो.

एककाचा घोळ

दोन किट एकाच पाण्याला १० आणि ४४ दाखवतात आणि दोन्ही बरोबर असतात, हे वाचून नवल वाटेल. काही किट नायट्रेटमधील फक्त नायट्रोजन मोजून सांगतात, काही पूर्ण नायट्रेट. पहिल्या आकड्याला ४.४३ ने गुणले की दुसरा मिळतो. नायट्राइटसाठी हाच गुणक सुमारे ३.३ आहे. वार आणि मीटर यांत गल्लत केली तर सौदा बिघडतो, तसेच येथे होते. कार्डावर बारीक अक्षरात काय छापले आहे ते आधी वाचावे. समुद्राच्या पाण्याच्या टाकीसाठी कार्ड वेगळे असेल तर तेच वापरावे.

तलावाच्या पाण्याच्या खोड्या

टाकीपेक्षा तलावाचे पाणी जास्त बदलते. उन्हात हिरवे शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड खाते, म्हणून दुपारी पीएच चढतो. रात्री तो उतरतो. प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. सकाळी तपासणारा आणि दुपारी तपासणारा एकाच तलावाबद्दल भांडत बसले तर दोघेही खरे असू शकतात. म्हणून तपासणीची वेळ लिहावी, आणि शक्य तर पहाटे व दुपारी अशी दोनदा तपासणी करावी.

पाणीच हिरवे असेल तर नळीतील रंग हिरव्यात मिसळतो. असे पाणी फिल्टर कागदातून गाळून घ्यावे. मलमल चालत नाही, शेवाळ तिच्यातून पार होते. बोअरवेलचे पाणी ताजे काढल्यावर त्याचा पीएच बरेचदा कमी दिसतो, रात्रभर हवा दिल्यावर तो वाढतो. माशांना जे पाणी मिळणार त्याचीच परीक्षा करावी. बाटलीत भरून दोन दिवसांनी दुकानात आणलेल्या पाण्याचा अमोनिया आणि नायट्राइट वाटेतच बदलून गेलेला असतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी जी औषधे मिळतात त्यांतील काही अमोनियालाही बांधून ठेवतात. बांधलेला अमोनिया माशाला त्रास देत नाही, तरी किट तो मोजते. त्यामुळे औषध टाकल्यानंतर आकडा पाहून घाबरण्यापूर्वी बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचावे. रंगाईवाल्यांच्या ओळखीचा हायपो मात्र फक्त क्लोरीन मारतो, अमोनियाला हात लावत नाही.

किटची परीक्षा आपणच घ्यावी

तराजूवर वेळोवेळी शिक्का मारून घ्यावा लागतो. किटची तपासणी आपली आपणच करायची असते आणि ती अवघड नाही.

पहिली परीक्षा शून्याची. चांगल्या डिस्टिल्ड पाण्यावर अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट पाहावे. शून्य आले नाही तर नळी अस्वच्छ आहे किंवा रसायन बिघडले आहे.

दुसरी परीक्षा माहीत असलेल्या आकड्याची. कल्हईवाले जो नवसागर वापरतात तो अमोनियम क्लोराइड, आणि सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बाजारी माल मात्र चालणार नाही, रसायनांच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा घ्यावा. सोनाराच्या काट्यावर ०.३८ ग्रॅम अमोनियम क्लोराइड मोजून १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवावे. त्यातील १० मिलिलिटर घेऊन पुन्हा १ लिटर करावे. या पाण्यावर अमोनियाचे कार्ड १ च्या किंचित वर, साधारण १.२ दाखवील, आणि नायट्रोजनमध्ये मोजणारे कार्ड १ दाखवील. नायट्रेटसाठी १.६३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट १ लिटरमध्ये विरघळवून त्यातील २० मिलिलिटर पुन्हा १ लिटर करावे. हे पाणी २० चे. किटने ५ किंवा ८० दाखवले तर ती बाटली फेकून द्यावी, मग तिची मुदत शिल्लक असली तरी.

रोजच्या परीक्षेत पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१. नळी आधी त्याच पाण्याने दोनदा विसळावी. पाणी रेषेपर्यंतच घ्यावे. ५ ऐवजी ६ मिलिलिटर घेतले तर तेथेच पाचव्या हिश्शाची गडबड झाली.

२. बाटली सरळ उभी धरून थेंब टाकावेत. तिरप्या बाटलीचा थेंब लहान-मोठा पडतो.

३. नळीच्या तोंडावर बोट लावू नये, झाकण वापरावे. झाकणांची अदलाबदल करू नये.

४. सांगितलेली मिनिटे घड्याळावर मोजावीत. लवकर पाहिले तर रंग कमी, उशिरा पाहिले तर जास्त.

५. रंग कार्डाच्या वरच्या टोकाला गेला तर एक भाग पाण्यात तीन भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा परीक्षा करावी आणि आकडा चारने गुणावा.

६. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

माशांचे दुकान किंवा तलाव चालवणाऱ्याने एक साधी वही ठेवावी : तारीख, वेळ, तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट, कोणते किट. एकटा आकडा ढोबळ असला तरी त्याच किटने, त्याच हाताने, त्याच उजेडात घेतलेले आठवड्याचे आकडे चढउतार बिनचूक दाखवतात. काल नायट्राइट शून्य होते आणि आज रंग आला, ही खबर ०.२५ की ०.५ या वादापेक्षा मोलाची आहे. मासे विकताना दुकानाच्या पाण्याचे आकडे पावतीच्या मागे लिहून द्यावेत आणि तक्रार आली तर गिऱ्हाइकाच्या टाकीचे ताजे पाणी त्याच्यासमोर त्याच किटवर तपासावे. रक्कम मोठी असेल, परराज्यातून आलेली संपूर्ण खेप मेली असेल किंवा प्रकरण कायद्यापर्यंत जाणार असेल, तर किटवर विसंबू नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला विचारून, ती सांगेल तशा बाटलीत आणि तितक्या वेळात पाण्याचा नमुना पोहोचवावा आणि लेखी अहवाल घ्यावा.