निर्यातीचे धोरण आणि गावचे म्हणणे

कांदा शेतात पिकतो. परंतु त्याचा भाव पुष्कळदा दिल्लीहून निघणाऱ्या एका अधिसूचनेवर अवलंबून असतो. नाशिककडील कांदा उत्पादकांना हे नव्याने सांगावयास नको.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तरी शुल्क लागू होते व टनास ५५० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली व शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले.

शहरातील ग्राहकास कांदा परवडावा, हा सरकारचा हेतू रास्तच होय. परंतु डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. उन्हाळी कांद्याप्रमाणे तो चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. त्यामुळे ऐन आवकेच्या वेळी बंदी आली, तर शेतकऱ्यास थांबण्याची सोय उरत नाही. ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांपर्यंत वेळेवर व लेखी पोहोचणे अगत्याचे आहे.

त्यासाठी एक वाट आता खुली आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘विदेश व्यापार धोरण २०२३’ यात दुरुस्ती झाली. धोरण करताना वा बदलताना आयातदार, निर्यातदार, उद्योगतज्ज्ञ इत्यादी संबंधितांची मते मागवावीत, आणि मत अमान्य झाल्यास त्याची कारणे कळविण्याची सोय असावी, असे तीत म्हटले आहे. विशेष प्रसंगी विचारविनिमयाविना निर्णय घेण्याचा अधिकार मात्र सरकारने राखून ठेवला आहे. म्हणून शेतकऱ्यांनी आपणही ‘संबंधित’ आहोत हे स्वतःच दाखवून द्यावे, व तयारी आधीपासून ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील कामी साहाय्य करावे :

(१) हंगामनिहाय लागवडीचे क्षेत्र, एकरी खर्च, उत्पादन, चाळीतील साठा व घट यांची नोंदवही ठेवावी.

(२) विक्रीच्या पावत्या तारखेनुसार जपून ठेवाव्यात. बंदीपूर्वीचा व नंतरचा भाव त्यांवरून सिद्ध होतो.

(३) एकट्याने अर्ज करण्यापेक्षा सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामसभेच्या ठरावाद्वारे म्हणणे मांडावे.

(४) निर्यातबंदी व किमान मूल्याविषयीचे निवेदन विदेश व्यापार महासंचालनालयाकडे, तर शुल्काविषयीचे केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे धाडावे.

भाव कोसळल्यावर लिलाव बंद पाडण्याची वेळ येते, तोवर हंगाम हातचा गेलेला असतो. नोंदवही मात्र पेरणीपासूनच सुरू करता येते. यंदाच्या रोपवाटिकेबरोबर तीही सुरू करावी.