डेंग्यूचा रिपोर्ट वाचण्याआधी तापाचा दिवस मोजा

डेंग्यूच्या रक्ततपासणीच्या कागदावर मोजक्याच ओळी असतात: एनएसवन, आयजीएम, आयजीजी. पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. या ओळींचा अर्थ मात्र रक्त तापाच्या कितव्या दिवशी घेतले यावर ठरतो.

गैरसमज: रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे डेंग्यू नाही.
वस्तुस्थिती: एनएसवन हे विषाणूचेच प्रथिन. ते पहिल्या दिवसापासून सापडते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर ओसरू लागते. आयजीएम ही शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. ती बहुधा चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसतात. दुसऱ्या दिवशी नुसते आयजीएम तपासले, तर डेंग्यू असूनही ते निगेटिव्ह येऊ शकते.

गैरसमज: आयजीएम पॉझिटिव्ह, म्हणजे आजचा ताप डेंग्यूचाच.
वस्तुस्थिती: आयजीएम दोन-तीन महिने रक्तात रेंगाळते. गणपतीत डेंग्यू झालेल्याला दिवाळीत दुसराच ताप आला, तरी ते पॉझिटिव्ह येऊ शकते. जपानी मेंदूज्वर, झिका यांच्या विषाणूंशी असलेल्या साधर्म्यामुळेही चाचणी फसते. झटपट कार्डावरच्या फिकट रेघेपेक्षा एलायझा चाचणी अधिक भरवशाची. सरकारी प्रयोगशाळांत त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तयार केलेले किट वापरतात.

गैरसमज: आयजीजी म्हणजे जुनी लागण, आजाराशी संबंध नाही.
वस्तुस्थिती: पहिल्या लागणीत आयजीजी हे दुसरे प्रतिपिंड सावकाश, पहिला आठवडा संपताना किंवा त्यानंतर येते आणि वर्षानुवर्षे टिकते. दुसऱ्या लागणीत शरीराची स्मृती जागी होते: आयजीजी सुरुवातीच्या काही दिवसांतच उसळते, आयजीएम मात्र कमी राहते, क्वचित दिसतही नाही. एनएसवनही लवकर ओसरते. त्यामुळे भर तापात आयजीजीचे प्रमाण खूप जास्त असेल, तर दुसऱ्या लागणीची शंका घ्यायलाच हवी.

गैरसमज: एकदा झाला, आता भीती नाही.
वस्तुस्थिती: डेंग्यूचे चार प्रकार आहेत. झालेल्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, उरलेल्या तिघांपासून काही महिनेच. पुढे जुनी प्रतिपिंडे नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्याच आधाराने विषाणू पांढऱ्या पेशींत शिरतो आणि वाढतो. क्यूबात १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली, १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची. त्या दुसऱ्या साथीत १५८ जण दगावले. त्यांत १०१ मुले होती. गंभीर झालेले बहुतेक रुग्ण दुसऱ्यांदा लागण झालेले होते.

गैरसमज: ताप उतरला, सुटलो.
वस्तुस्थिती: धोक्याचे दिवस बहुधा ताप उतरतानाच सुरू होतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची ग्लानी यांपैकी काहीही दिसले, तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

घरात कुणाला ताप भरला की ती तारीख लगेच केसपेपरवर लिहा. पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल, तर तेही. डॉक्टरांना रिपोर्टचा अर्थ लावताना या दोन नोंदींचा मोठा आधार होतो.