इम्प्लांटआधी हाड रुंद करायचंय? मग हे विचारा

अम्मी-अब्बांची दाढ काढून चार-पाच वर्षं होतात आणि मग घरात इम्प्लांटचा विषय निघतो. डॉक्टर तपासून म्हणतात, "हाड पातळ झालंय, आधी रुंद करावं लागेल." घरचे घाबरतात.

दात गेला की त्या जागचं हाड झिजतं, उंचीपेक्षा रुंदीत जास्त. पहिल्या वर्षातच जवळपास निम्मी रुंदी जाऊ शकते. इम्प्लांट म्हणजे साधारण चार मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा स्क्रू. त्याच्या दोन्ही बाजूंना एक-दीड मिलिमीटर हाड हवं, म्हणजे सहा-सात मिलिमीटर. साध्या एक्स-रेत ही रुंदी दिसत नाही, त्यासाठी सीबीसीटी स्कॅन लागतो. आकडा किती आला ते विचाराच.

हाड चारेक मिलिमीटर असेल तर ते फाकवता येतं. माथ्यावर मधोमध बारीक चीर पाडतात आणि एकाहून एक जाड अवजारं हळूहळू घालून बाहेरची भिंत सरकवतात. बांबूत पाचर ठोकतात ना, तसंच, फक्त बेतानं. आत मऊ, जाळीदार थर असतो म्हणून हे जमतं. वरच्या जबड्यात सोपं. खालचं हाड टणक, तिथे भिंत तुटायची भीती असते. बऱ्याचदा इम्प्लांट त्याच बैठकीत बसतो. खास ड्रिल उलटं फिरवून हाड बाजूला दाबायचीही एक रीत आहे.

रुंदी तीन मिलिमीटरपेक्षा कमी असली तर बहुधा ग्राफ्ट करतात. हाडाची भुकटी भरून वर पडदा घालतात, मग काही महिने थांबायचं. आपल्या घरांसाठी खरा प्रश्न इथे आहे. भुकटी बहुतेकदा गाईच्या हाडाची असते, पण कोलॅजनचे बरेच पडदे डुकरापासून बनतात. पाकिटावर 'पोर्साइन' लिहिलंय की 'बोव्हाइन', हे ऑपरेशनच्या आधी बघून घ्या. यात संकोच कसला? पेशंटचं स्वतःचं हाड, कृत्रिम भुकटी, बोव्हाइन पडदा असे पर्याय असतात. दुसरा इलाजच नसेल तर मसला आपल्या आलिमांना विचारावा.

शुगर, तंबाखू-मिश्री, हाडं ठिसूळ झाल्यावर घेतलेली इंजेक्शनं, यातलं काहीही डॉक्टरांपासून लपवू नका.

दुसरं मत हवं असेल तर पालेगावकरांना अंबरनाथहून थेट लोकल आहे: सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. नाहीतर दादरला गाडी बदलून मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय. स्कॅन सोबत ठेवा आणि सकाळी लवकर निघा.